वारेची चाहूल

परीक्षानळीत थोडी लघवी घ्यायची, नळीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचा, ॲसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब टाकायचे आणि नळी उजेडासमोर धरून पाहायची. लघवी नितळ राहिली तर ठीक. दुधाळ झाली, पांढरे कण तरंगू लागले, तर त्या बाईच्या लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन वाहून जात आहे. उपकेंद्रांवर गरोदर बायकांची तपासणी करणाऱ्या आरोग्यसेविकांच्या कित्येक पिढ्या ही परीक्षा शिकल्या. आज बहुतेक ठिकाणी तिची जागा रंग बदलणाऱ्या पट्टीने घेतली आहे. प्रश्न मात्र तोच आहे, आणि तो पहिल्यांदा नीट विचारला गेला १८४३ साली, लंडनमध्ये.

तिथल्या गायज हॉस्पिटलमध्ये जॉन लिव्हर हे प्रसूतितज्ज्ञ काम करत. बाळंतपणाच्या सुमारास काही बायकांना अचानक झटके येत, त्या बेशुद्ध पडत आणि त्यांतल्या बऱ्याच दगावत. असं का होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच रुग्णालयात रिचर्ड ब्राइट यांनी मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या अंगावरची सूज आणि लघवीतलं अल्ब्युमिन यांचा संबंध आधीच दाखवून दिला होता. झटके आलेल्या बायकांचे सुजलेले चेहरे पाहून लिव्हर यांना ब्राइट यांचे रोगी आठवले. त्यांनी लघवी उकळली आणि अल्ब्युमिन सापडलं. मग त्यांनी प्रसूतीसाठी आलेल्या आणखी पन्नासहून अधिक बायकांची लघवी तपासली. अल्ब्युमिन मिळालं ते फक्त झटके आलेल्यांमध्ये, आणि झटक्यांची पूर्वलक्षणं दिसत होती अशांमध्ये. ही दुसरी नोंद फार मोलाची आहे. संकट यायच्या आधी शरीर त्याची खबर देतं आणि ती खबर नळीत पाहता येते, हे तिथे पहिल्यांदा कागदावर आलं. त्याच वर्षी एडिंबरोमध्ये जेम्स यंग सिम्प्सन यांनीही स्वतंत्रपणे झटके आणि अल्ब्युमिन यांची सांगड घातली.

या झटक्यांना वैद्यक ‘एक्लॅम्प्सिया’ म्हणतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अचानक झालेला लखलखाट, विजेसारखा. वीज कुठे आणि केव्हा पडेल ते सांगता येत नाही, तसंच या आजाराचं, अशी हार त्या नावातच कबूल केलेली आहे. झटक्यांच्या आधीची अवस्था म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर, आधी ठीक असलेला रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो आणि सोबत लघवीतून प्रथिन जाऊ लागतं, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातल्या प्लेटलेट यांच्यावर परिणाम दिसू लागतो. दर १०० गर्भारपणांत २ ते ८ वेळा हे घडतं. पहिलटकरणींमध्ये जास्त. जगभरातल्या मातामृत्यूंत रक्तस्रावाखालोखाल गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या विकारांचा क्रमांक लागतो. साधारण सहामागे एक मृत्यू त्यांच्यामुळे होतो. बाळाची वाढ खुंटते, ते महिने भरण्याआधी जन्माला घालावं लागतं, ते वेगळंच.

१८९६ साली इटलीत स्किपिओने रिव्हा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचं यंत्र तयार केलं आणि लघवीच्या जोडीला दुसरा साक्षीदार मिळाला. पुढे १९२९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने गरोदर बाईची तपासणी कोणकोणत्या आठवड्यांत व्हावी याचं वेळापत्रक काढलं. शेवटच्या महिन्यांत तपासण्या दाट होत जातात, हा आजही जगभर चालणारा शिरस्ता तिथला आहे. दर भेटीत दंडाला पट्टा आणि हातात लघवीची बाटली का, याचं मुख्य कारण हाच आजार.

पण हे दोन्ही साक्षीदार उशिरा बोलतात. लघवीत प्रथिन उतरतं ते मूत्रपिंडातली चाळणी बिघडल्यावर. रक्तदाब चढतो तो सर्वांगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावल्यावर. म्हणजे चोर घरात शिरल्यानंतर कुत्रं भुंकतं. शिवाय लघवीची पट्टी फसवते. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट असली, किंवा अंगावरून पांढरं जात असताना नमुना नीट घेतला नाही, तर पट्टी विनाकारण हिरवी होते. लघवी फार पातळ असली की खरं प्रथिनही लपून जातं. म्हणून चोवीस तासांची लघवी साठवून त्यातलं प्रथिन मोजायची पद्धत आली. ३०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की दोष. आता बहुतेक ठिकाणी एकाच नमुन्यातल्या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी असलेलं प्रमाण काढून काम भागवतात. आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने ठरवलं की निदानासाठी लघवीत प्रथिन असलंच पाहिजे असं नाही. प्रथिनाशिवायही हा आजार आईचा जीव घेऊ शकतो. लिव्हर यांच्या शोधानंतर १७० वर्षांनी लघवीचा हा मान गेला.

मग आजाराची खरी सुरुवात कुठे होते? याचं उत्तर द्राक्षगर्भात सापडतं. त्या विकृतीत पोटात बहुधा बाळ नसतंच, वारेच्या जागी द्राक्षांच्या घडासारखी वाढ असते. तरीही बाईला प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो. बाळ नाही आणि आजार आहे, तर दोष वारेचा. वार बाहेर आली की आजार ओसरू लागतो, हेही सुईणींपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी पाहिलेलं.

निरोगी गर्भारपणात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत खोल शिरतात आणि तिथल्या नागमोडी, अरुंद रक्तवाहिन्या रुंद करून टाकतात. शेतकरी चारी खणून रुंद करतो, मग पाणी दाबाने उसळत येत नाही, संथ आणि भरपूर येतं, तसं. ज्यांना पुढे हा आजार होतो त्यांच्यात, विशेषतः तो लवकर होतो तेव्हा, बऱ्याचदा ही खणाई पहिल्या चार-पाच महिन्यांत अर्धवट राहिलेली असते. बाईला काही जाणवत नाही. डोहाळे येतात, जातात, सोनोग्राफीत बाळ हलताना दिसतं, सगळे खूश असतात. तहानलेली वार मात्र आईच्या रक्तात काही पदार्थ सोडू लागते. सातव्या महिन्यात पाय सुजून रक्तदाब वाढतो तेव्हा या गोष्टीला काही महिने होऊन गेलेले असतात. आजच्या साऱ्या नव्या चाचण्यांची धडपड या मधल्या मूक महिन्यांत कान लावण्याची आहे.

त्यांतला एक प्रमुख पदार्थ कोणता, हे २००३ साली कळलं. बॉस्टनमध्ये संशोधन करणारे भारतीय वंशाचे मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमांची आणि त्यांचे सहकारी आजारी बायकांच्या वारा तपासत होते. कोणती जनुकं तिथे नेहमीपेक्षा जोरात काम करताहेत हे पाहताना एक प्रथिन ठळकपणे पुढे आलं: एसएफएलटी-१. रक्तवाहिन्यांचं अस्तर निरोगी राहायला व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ ही दोन वाढ-प्रथिनं लागतात. ती किल्लीसारखी, पेशीच्या दारावरच्या कुलपात बसली की दार उघडतं. एसएफएलटी-१ हे त्याच कुलपाचं दारापासून सुटलेलं रूप. ते रक्तात मोकळं फिरतं, किल्ल्या अडकवून ठेवतं आणि खऱ्या दारांपर्यंत काही पोचू देत नाही. या तर्काला बळ देणारी एक खूण कर्करोगाच्या उपचारांत दिसत होती. गाठींचा रक्तपुरवठा तोडण्यासाठी व्हीईजीएफ रोखणारं औषध दिलं की काही रोग्यांचा रक्तदाब वाढे आणि लघवीतून प्रथिन जाई. गर्भारपणाचा संबंधही नसलेल्या माणसांत प्रीएक्लॅम्प्सियाचं अर्धं चित्र उमटत होतं. करुमांचींच्या गटाने एसएफएलटी-१ उंदरांच्या शरीरात वाढवून पाहिलं. रक्तदाब चढला, लघवीत प्रथिन आलं, आणि मूत्रपिंडात तंतोतंत तोच बिघाड दिसला जो या आजाराच्या बायकांत दिसतो.

पुढचा पुरावा एका फसलेल्या प्रयोगाने दिला. अमेरिकेत साडेचार हजारांहून अधिक पहिलटकरणींना कॅल्शियम देऊन हा आजार टळतो का, याची मोठी चाचणी झाली होती. १९९७ मध्ये निकाल आला: टळत नाही. (हा निकाल पोटभर कॅल्शियम खाणाऱ्या बायकांचा. आहारात कॅल्शियम कमी असणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, म्हणून आपल्याकडे गरोदरपणात त्या गोळ्या देतात आणि त्या घ्यायलाच हव्यात.) पण त्या बायकांच्या रक्ताचे आणि लघवीचे नमुने गोठवून जपून ठेवलेले होते. २००४ मध्ये रिचर्ड लेव्हाइन, करुमांची आणि सहकाऱ्यांनी ते बाहेर काढले. कोणाला पुढे आजार झाला हे आता माहीत होतं. त्यांच्या जुन्या नमुन्यांत मागे जाऊन पाहायचं होतं. लक्षणं दिसण्याच्या साधारण पाच आठवडे आधीपासून एसएफएलटी-१ चढू लागलेलं सापडलं. पीएलजीएफ तर १३ ते १६ आठवड्यांपासूनच कमी होतं. पीएलजीएफ आकाराने लहान असल्याने मूत्रपिंडाच्या चाळणीतून लघवीत उतरतं, म्हणून पुढच्या वर्षी त्याच बायकांच्या लघवीतही त्याची घट मोजून दाखवली गेली. निष्फळ ठरलेल्या अभ्यासाचे नमुने कुणी फेकून दिले असते तर हे सगळं कदाचित बरीच वर्षं लांबलं असतं.

याआधीही अशा आगाऊ खुणांचे, म्हणजे मार्करचे, उमेदवार कमी नव्हते. रक्तातलं युरिक ॲसिड या आजारात वाढतं हे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच कळलं होतं. ते अजूनही मोजलं जातं, पण भाकितासाठी कच्चं ठरलं. लघवीतलं कॅल्शियम घटतं हे १९८७ मध्ये दिसलं. त्याचीही गत तीच. अभ्यासातल्या सरासरीत फरक दिसणं वेगळं आणि समोर बसलेल्या एका बाईबद्दल काही ठामपणे सांगता येणं वेगळं. बहुतेक मार्कर या उंबरठ्यावर अडखळले.

एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर तो उंबरठा ओलांडून गेलं, पण एका विशिष्ट प्रश्नाच्या बाबतीत. २०१६ मध्ये १४ देशांतल्या एक हजारावर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाचा रक्तदाब थोडा वाढला होता, म्हणजे शंका होती पण निदान नव्हतं, अशा त्या बायका. गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवडाभरात आजार होणार नाही, हे उत्तर १०० पैकी ९९ वेळा खरं ठरलं. गुणोत्तर ३८ च्या वर असेल तर मात्र पुढच्या चार आठवड्यांत आजार झाला तो १०० पैकी सुमारे ३७ जणींनाच. म्हणजे ही चाचणी ‘होणार’ हे सांगायला कमकुवत आणि ‘इतक्यात नाही’ हे सांगायला भक्कम आहे. याला कमी लेखू नये. शंकेपोटी आठवडाभर वॉर्डात पडून राहणाऱ्या बाईला, घरी दुसरं लहान मूल टाकून आलेल्या बाईला, निर्धास्तपणे घरी पाठवता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र रिपोर्टवरचा मोठा आकडा पाहून घरात रडारड सुरू होत असेल, तर हा फरक तिथे कुणीतरी समजावून सांगायला हवा.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या ११ प्रसूतिगृहांत पीएलजीएफचा निकाल डॉक्टरांच्या हाती दिला, तेव्हा निदानाला लागणारा वेळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि आईवरचे गंभीर प्रसंगही घटले. आयर्लंडमध्ये तशाच अभ्यासात असा फायदा दिसला नाही. दोन्ही निकाल खरे आहेत. चाचणीनंतर त्या त्या रुग्णालयात काय केलं जातं यावर बरंच काही अवलंबून असतं.

अमेरिकेच्या औषध नियामकाने एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांच्या गुणोत्तराची चाचणी रुग्णालयात दाखल झालेल्या बायकांसाठी मंजूर केली मे २०२३ मध्ये. त्याच महिन्याच्या सुरुवातीला टोरी बोवी ही ३२ वर्षांची धावपटू फ्लोरिडातल्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडली होती. आठ महिन्यांची गरोदर. शवविच्छेदनात संभाव्य कारणांत एक्लॅम्प्सियाची नोंद होती. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रिले शर्यतीत तिच्यासोबत सुवर्णपदक जिंकलेल्या ॲलिसन फेलिक्सला २०१८ मध्ये तीव्र प्रीएक्लॅम्प्सियामुळे ३२ व्या आठवड्यात शस्त्रक्रियेने प्रसूत व्हावं लागलं होतं. जगातल्या सर्वांत तंदुरुस्त देहांपैकी हे दोन. अंगकाठी पाहून या आजाराचा अंदाज बांधता येत नाही.

शंका आल्यावर तपासणं एक, आणि शंका यायच्या आधी चाळणी लावणं दुसरं. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले कायप्रोस निकोलाइडीस यांनी दुसऱ्या वाटेवर आयुष्य वेचलं. ११ ते १३ आठवड्यांत, जेव्हा बहुतेक बायकांची पहिली मोठी सोनोग्राफी होते तेव्हा, आईचा इतिहास, सरासरी रक्तदाब, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतला प्रवाह दाखवणारी डॉपलर तपासणी आणि रक्तातली पीएलजीएफ व पॅप-ए ही प्रथिनं हे सगळं एकत्र करून धोका काढायचा. एकटा कोणताही आकडा पुरेसा नाही. एकत्र केले की ३७ आठवड्यांआधी उद्भवणाऱ्या आजाराच्या सुमारे चारपैकी तीन बायका आधीच ओळखता येतात.

ओळखून काय करायचं, याला २०१७ पर्यंत पक्कं उत्तर नव्हतं. त्या वर्षी आलेल्या ‘ॲस्प्रे’ चाचणीत जास्त धोक्याच्या बायकांपैकी निम्म्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. ३७ आठवड्यांआधीचा आजार दुसऱ्या गटात ४.३ टक्के बायकांना झाला, ॲस्पिरिनच्या गटात १.६ टक्के. धोका साठ टक्क्यांहून अधिक घटला, आणि तोही औषधाच्या दुकानातल्या स्वस्त गोळीने. अट एकच: गोळी लवकर, साधारण १६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी, आणि ती डॉक्टरांनी धोका पाहून द्यायला हवी. इथे मार्करला खरा अर्थ येतो. चार महिने भरण्याआधी मिळालेल्या चाहुलीवर काही करता येतं. आठव्या महिन्यातल्या बातमीवर बहुतेक वेळा प्रसूती हाच उपाय उरतो.

लघवी या शर्यतीतून बाद झाली असं मात्र समजू नये. सुई टोचावी लागत नाही आणि नमुना कुठेही मिळतो, हे तिचं बळ कायम आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी मूत्रपिंडाच्या चाळणीतून गळून पडलेल्या पोडोसाइट पेशी या बायकांच्या लघवीत दाखवल्या. इरिना बुहिम्शी यांच्या गटाला लघवीत चुकीच्या घड्या पडलेली प्रथिनं सापडली, आणि ती ओळखायला त्यांनी वापरला काँगो रेड, मुळात कापड रंगवण्यासाठी बनलेला लाल रंग. रंग मिसळलेल्या लघवीचा थेंब कागदावर टाकायचा. प्रथिनं बिघडलेली असतील तर धुतल्यावरही लाल ठिपका जात नाही. ज्या दवाखान्यात फ्रिज नाही, वीज बेभरवशाची आहे, तिथे असला कागदाचा तुकडा लाखमोलाचा ठरू शकेल. अजून तो रोजच्या वापरात आलेला नाही. रक्ताच्या बाजूला आईच्या रक्तात तरंगणाऱ्या आरएनएच्या तुकड्यांवरून महिनोन्‌महिने आधी अंदाज बांधण्याचे प्रयत्न २०२२ पासून जोमाने पुढे आले आहेत.

आपल्याकडेही या विषयावर काम होत आहे. पुण्यात भारती विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘रिव्हॅम्प’ नावाच्या अभ्यासात बायकांना गर्भारपणाच्या सुरुवातीपासून बाळंतपणापर्यंत वेळोवेळी तपासून रक्ताचे नमुने जमवले, कारण युरोपातल्या बायकांवरून ठरलेले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करणं बरोबर नाही. देशातल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटना असलेल्या फॉग्सीने ‘जेस्टोसिस स्कोअर’ पुढे आणला: वय, पहिली खेप, रक्तक्षय, वजन, जुळं, आधीचा रक्तदाब अशा गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज ३ किंवा जास्त झाली की त्या बाईला धोक्याची समजायचं. यात प्रयोगशाळा लागत नाही, विचारणारं माणूस लागतं. पीएलजीएफची तपासणी मोठ्या शहरांतल्या खासगी प्रयोगशाळांत होते आणि तिला काही हजार रुपये मोजावे लागतात. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या पाड्यावरच्या बाईपर्यंत ती पोचायला वेळ लागेल. तोवर रक्तदाबाचं यंत्र आणि लघवीची पट्टी यांना पर्याय नाही, आणि ती दोन्ही दर भेटीत वापरली गेली नाहीत तर तो गुन्हा मानायला हवा.

आपल्याकडची एक गोष्ट परदेशी अभ्यासांत येत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि मुलगी दुसऱ्या गावी जाते. ज्या दवाखान्याने तिचा पहिल्या तीन महिन्यांतला रक्तदाब पाहिला तो मागे राहतो. नव्या डॉक्टरांना १३०/८४ हा आकडा तिच्यासाठी नेहमीचा की नवा, हे कळायला मार्ग नसतो. आणि नेमक्या याच आठवड्यांत हा आजार डोकं वर काढतो. सुजलेले पाय पाहून घरातल्या बायका म्हणतात, या दिवसांत पाय सुजतातच. पाय सुजतात हे खरं. पण चेहरा आणि हात एकाएकी सुजणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणं किंवा अंधारी येणं, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तर त्याच रात्री रुग्णालय गाठावं. बाळंतपणानंतरही सहा आठवडे ही काळजी सुटत नाही; काही जणींना झटके येतात ते बाळ कुशीत आल्यावर. आणि ज्यांना हा आजार होऊन गेला त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो, म्हणून बाळंतपणाच्या कागदावरची या आजाराची नोंद पन्नाशीतही डॉक्टरांना दाखवायची असते.

या विषयात शिरणाऱ्या वाचकाला म्हणून एक विनंती. घरातली मुलगी किंवा सून माहेरी निघेल तेव्हा तिच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड आणि पहिल्या महिन्यापासूनचे सगळे रिपोर्ट ठेवा, आणि माहेरी पोचल्यावर आठवडाभरात तिचा रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या.